डुगडुगत्या बाकाचा जबाब

ज्या वर्षी किल्लीवाल्या काकूंना मुलगा झाला, त्याच वर्षी माझा जन्म झाला. मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. पोलीस ठाण्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या भिंतीला टेकून उभा असतो. माझे तीन पाय पुरते आहेत आणि चौथा बोटभर आखूड आहे. त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही. बाकाने असे म्हणणे म्हणजे विहिरीने तहान लागली म्हणण्यासारखे झाले, पण जे आहे ते आहे. कोणी टेकले की मी डुगडुगतो, कोणी उठले की डुगडुगतो. बाहेरून जड गाडी गेली तरी माझा आखूड पाय फरशीवर ठक करून वाजतो.

जन्माने मात्र मी असा नव्हतो. तेच तर तुम्हाला सांगायचे आहे.

काकूंचा थोरला भाऊ सुतार होता. मुलाचा मामा म्हणून हळूहळू सगळा गाव त्याला मामाच म्हणू लागला. त्याच्याकडे एकाच वेळी दोन कामे आली. ठाण्याला बाक हवा होता आणि बहिणीला पाळणा.

"दादा, आधी पाळणा कर," काकू म्हणाल्या.

"अगं, तुझा लेक अजून मान धरत नाही, तो कुठं पळून चाललाय? आधी ठाण्याचं. पोलिसांना उभं ठेवलं तर ते आपल्याला बसवतील."

मामाने मला आधी केले आणि उरलेल्या फळ्यांचा पाळणा केला. तेव्हा तो मुलगा आणि मी एकाच खोडाचे. मी तयार झालो तेव्हा मामाने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला माझ्यावर ठेवला आणि मला दोन्ही टोकांनी दाबून पाहिले. एक थेंब सांडला नाही. मामा पेल्यातले पाणी पिऊन टाकून म्हणाला, "जा. आता तुझ्यावर कोणीही बसू दे, चोर नाहीतर साव."

ठाण्यात माझे पहिले दिवस फार चांगले गेले. आमच्या गावचे पोलीस गावचेच होते. गावाचे नगरमंडळ त्यांना नेमायचे, पगार द्यायचे आणि कोणी वाकडे वागले तर जाबही मंडळच विचारायचे. राजधानीचा त्यात हात नव्हता. 'ठाणं आपलं, पोलीस आपले' असे लोक अभिमानाने म्हणायचे आणि मलाही ते पटायचे. एकदा एका शिपायाने दूधवाल्याचा कॅन लाथेने उपडा केला. तेव्हाचे म्हातारे ठाणेदार माझ्यावर त्या दूधवाल्याशेजारी येऊन बसले, सगळे ऐकले आणि त्याच संध्याकाळी शिपायाला भर बाजारात हात जोडायला लावले. कोण कोणाशी कसे वागतो हे त्यांना ठाऊक होते, कारण ते त्याच गल्लीत राहत होते. राजधानीहून कोणी आले असते, तर दूध नासले असते तरी त्याचे विचारणे संपले नसते.

बसणाऱ्यांची मला हळूहळू पारख झाली. तक्रार घेऊन आलेला माणूस माझ्या कडेवर बसतो, जणू कोणी आत्ता उठवणार आहे. बोलावून आणलेला माणूस मागे टेकतो, पण त्याच्या टाचा हलत राहतात. खऱ्या निर्धास्त बसायच्या त्या फक्त किल्लीवाल्या काकू. नवरा लवकर गेल्यावर त्याचे दुकान त्यांनीच चालवले. कपाटाची किल्ली हरवली की ठाण्यातून त्यांना बोलावणे जायचे. एकदा तर कोठडीचेच कुलूप अडकले. चोर आत आणि किल्ली पोलिसांची हरवलेली.

"काकू, जरा लवकर," आतून चोरच म्हणाला, "मला घरी वाट बघत असतील."

"तू गप्प बस रे," काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही उघडत. यांचं जेवण आतल्या फळीवर राहिलंय म्हणून उघडते."

काकूंचा मुलगाही मोठा होऊन आईच्याच दुकानात बसू लागला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून तो चालला की खुळखुळ आवाज यायचा, म्हणून गाव त्याला खुळखुळ्या म्हणायचा. तो माझ्यावर बसला की पाय पसरून बसायचा. भावाच्या अंगावर बसावे तसा.

मग म्हातारे ठाणेदार निवृत्त झाले. नवे ठाणेदार आले. त्यांचा आवाज गोड होता, पण कणा लवचीक होता. आणि त्यांच्या हाताखाली एक हवालदार आला. अंगाने दांडगा होता, म्हणून त्याला पैलवान म्हणत. तो नगरमंडळाच्या अध्यक्षांचा मेव्हणा होता. त्याने कोणाच्या कानाखाली वाजवली की तक्रार माझ्यापर्यंत यायची. माझ्यावर बसून चहा प्यायची आणि चहा पिऊन परत जायची. 'समजुतीनं मिटलं' असे म्हणत. अशी मिटलेली माणसे उठून जाताना कशी उठतात ते मी पाहिले आहे. आधी हात माझ्यावर टेकतात, मग उठतात.

आता ती दुपार सांगतो.

पैलवानाच्या एका मित्राची खोली भाड्याने दिलेली होती. भाडेकरू बाहेरगावी गेला होता आणि मित्राला ती खोली मोकळी करून हवी होती. पैलवानाने खुळखुळ्याला कुलूप उघडायला सांगितले. खुळखुळ्या नाही म्हणाला. तेवढ्यावरून त्याला दंडाला धरून ठाण्यात आणले आणि माझ्यावर बसवले.

"साधं कुलूप आहे. उघडायला काय पैसे पडतात तुझे?"

"साधं आहे म्हणूनच नाही," खुळखुळ्या म्हणाला. "कुलपाचा धनी समोर उभा असल्याशिवाय ते उघडायचं नाही. आमच्या धंद्याचा तेवढा एकच नेम आहे. तो मोडला तर आमच्यात आणि चोरात फरक काय?"

"मला चोर म्हणतोस?"

"तुम्हाला नाही हो. स्वतःला म्हणतोय."

खोलीत तेव्हा म्हातारे जमादार टेबलाशी लिहीत होते. त्यांनी मान वर केली. त्याच वेळी पैलवानाचे दोन्ही तळहात खुळखुळ्याच्या दोन्ही कानांवर एकदम बसले. माझ्यावर आजवर कितीतरी जण रडले होते, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, कारण त्याने आवाजच केला नाही. तो आडवा झाला आणि पैलवानाने त्याला पायाने माझ्यावरून खाली लोटले. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पसरला.

मित्रांनो, मी तेव्हा जागचा हललोही नव्हतो. हे लक्षात ठेवा.

त्याला दवाखान्यात नेले. ठाणेदार धावत आले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "तो पडला," ते म्हणाले. "कसा पडला? बाक डुगडुगतो म्हणून पडला."

"साहेब, बाक डुगडुगत नाही," जमादार हळूच म्हणाले.

"मग डुगडुगू द्या की."

मागच्या खोलीतून करवत आली. मला उपडे केले आणि माझा एक पाय कापला. लाकडाला वेदना होत नाहीत असे तुम्हाला वाटत असेल. वेदनेचे मी काही सांगत नाही. लाज मात्र वाटते. मला परत सरळ उभे केले तेव्हा मी पहिल्यांदाच ठक करून वाजलो, आणि त्या क्षणी ठाणेदार म्हणाले ते खरे ठरले. बाक डुगडुगत होता.

दुसऱ्या दिवशी काकू दवाखान्यातून सरळ ठाण्यात आल्या. मुलाच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि उभे राहिले की त्याचा तोल जात होता. काकू माझ्यावर बसल्या. मी हललो तशा त्या दचकल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. पण तेवढ्यात जमादार जबाब लिहायला बसले.

"लिहा," काकू म्हणाल्या. "माझा मुलगा ठाण्यात बाकावरून पाडला."

जमादारांनी लिहिले. मग वाचून दाखवले, "माझा मुलगा ठाण्यात बाकावरून पाडला." काकूंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी अंगठा उमटवला.

पुढची चौकशी ऐका. ठाणेदार दवाखान्यात फळे घेऊन गेले. "चौकशीला आलो काकू," ते म्हणाले. "कसं आहे आता? झोप लागते का?" काकूंना त्या दुःखातही बरे वाटले. कोणी विचारले तर त्या भोळेपणाने सांगायच्या, "हो, साहेबांनी येऊन चौकशी केली." झाले. नगरमंडळापुढे ठाणेदारांनी हेच सांगितले, की चौकशी झाली आहे, मुलाच्या आईलाही ते मान्य आहे, मुलगा पडला, बाक सदोष होता. मंडळाने एकमताने माझ्यावर कारवाई केली. मला सेवेतून कमी करून मागच्या अंगणात उन्हात ठेवले. त्या सगळ्या प्रकरणात शिक्षा झाली ती एकट्या मला.

मामाने मंडळापुढे जाऊन सांगून पाहिले, की मी स्वतः केलाय तो बाक, पाण्याचा पेला ठेवून पाहिलाय. "तुम्ही मुलाचे मामा," अध्यक्ष हसून म्हणाले. "तुमची साक्ष कशी धरायची? घरचा माणूस घरच्यासारखंच बोलणार." हे हवालदाराचे मेव्हणे बोलत होते.

मी अंगणात होतो तेव्हा काकूंनी एक गोष्ट केली. सून दुकानात येऊन मुलाच्या जागी बसू लागली होती. ती शाळा शिकलेली होती. कुलपांच्या खोक्यांवरची नावे वाचता यावीत म्हणून तिने सासूला अक्षरे शिकवायला घेतली. काकूंना आधी वाटले, या वयात कुठे. पण किल्लीचे दात ओळखणाऱ्या बाईला अक्षरांचे कोपरे ओळखायला किती अवघड? त्या शिकल्या. काना म्हणजे काय हे कळल्यावर त्यांना फार गंमत वाटली. एक उभी काडी, पण ती लागली की मळचा माळ होतो आणि वरचा वार होतो.

मग एक दिवस त्या ठाण्यात आल्या. मागची खिडकी उघडी होती, त्यामुळे मला अंगणातून सगळे ऐकू आले.

"जमादार, माझा जबाब दाखवता का? मला आता वाचता येतं."

बराच वेळ कागदांचा आवाज झाला. मग काकू एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "मा-झा... मुल-गा... ठा-ण्यात... बा-का-वरून... प... ड..." त्या थांबल्या. पुन्हा वाचले. "जमादार, काना कुठाय?"

जमादारांनी कागद ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मला वाचून दाखवताना होता. तोंडात होता तो काना. कागदावर कुठं गेला?"

"काकू, आता नोंद बदलता येत नाही."

"एवढीशी काडी आहे हो."

"काडीएवढी असली तरी तिच्याखाली एक माणूस येतो," जमादार म्हणाले. "त्याचा मेव्हणा वर बसलाय. मला दोन लेकी उजवायच्यात."

"माझ्या लेकाचा कान गेला," काकू म्हणाल्या, "आणि तुम्हाला एक काना देववत नाही?"

त्या दिवसापासून काकूंना दुसरे काही नको होते. नुकसान भरून द्या म्हणून त्या भांडल्या नाहीत, पैलवानाला तुरुंगात घाला असेही म्हणाल्या नाहीत. त्यांना तो काना हवा होता. गावच्या ठाण्यात, गावच्या नोंदीत, गावादेखत. कारण मुलाला बाजारात लोक हसायचे. "काय रे खुळखुळ्या, बाकावरून पडलास? आमची पोरं माडीवरून पडतात तरी चालायला लागतात." लेकाच्या कमरेचा जुडगा आता सरळ वाजत नव्हता. एकदा खुळ, मग बराच वेळ काहीच नाही, मग खुळखुळ. तो भिंत धरून चालायचा.

मंडळाने ऐकले नाही, तशा काकू राजधानीला गेल्या. तिथे केंद्राचे एक खाते होते. कोणत्याही गावच्या पोलिसांविरुद्ध तक्रार आली तर त्या खात्याला येऊन तपास करता यायचा. पुष्कळ दिवसांनी त्या खात्याच्या एक बाई आल्या. त्यांनी सगळ्यांचे जबाब घेतले. सगळ्यांनी एकसारखे सांगितले, पाठ केलेल्या धड्यासारखे. मग त्या अंगणात आल्या आणि दमून माझ्यावरच बसल्या. मी डुगडुगलो. बाई उठल्या, गुडघ्यावर बसल्या आणि खाली वाकल्या.

माझ्या तीन पायांची बुडे काळी होती. वर्षानुवर्षे फरशी पुसताना पाणी लागून काळी झालेली. चौथ्याचे बूड मात्र पिवळट होते. त्याला फरशीचे पाणी कधी लागलेच नव्हते.

हे काय कोणाला दिसले नसते? ठाण्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसले असते. पण गावातला कोणी वाकला नाही. वाकला असता तर त्याला काहीतरी दिसले असते, आणि दिसले असते तर बोलावे लागले असते. परक्या बाईंना ती भीती नव्हती.

गाव मात्र पेटला. नगरमंडळाच्या दारात सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, "आज हवालदार, उद्या तुमचा मास्तर, परवा तुमचा पाणी सोडणारा. सगळे राजधानीतून हलवणार का? त्यांना आपल्या गल्ल्या तरी माहीत आहेत का?" खरे सांगतो मित्रांनो, त्यात थोडे खरेही होते. मला दूधवाल्याची गोष्ट आठवत होती. पण त्या म्हाताऱ्या ठाणेदारांची खुर्ची तीच असली तरी तिच्यात बसणारा तो उरला नव्हता, हे कोणी बोलत नव्हते.

"काकू, घरचं भांडण बाहेर नेलंत," शेजारीण म्हणाली.

"घरातच मारलं म्हणून तर बाहेरचं दार वाजवलं," काकू म्हणाल्या. "आग लागल्यावर शेजारच्या विहिरीचं पाणी चालतं ना तुला?"

शेजारणीने पुढची किल्ली मात्र दुसरीकडे करून घेतली. बाकीच्यांनीही तेच केले. दुकानात दिवसचे दिवस किल्ल्या घासायची कानस वाजायची नाही.

मला पुरावा म्हणून राजधानीत नेले. आखूड पायाला चिठ्ठी बांधून एका मोठ्या कोठारात ठेवले. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते, वेगवेगळ्या गावांतून आलेले. जिन्याची एक पायरी होती. तिच्यावरून म्हणे एक माणूस आपणहून घसरला होता. खिडकीचा एक गज होता, एक न्हाणीघरातली बादली होती, एक तिरका दरवाजा होता. आपापल्या गावात सगळे दोषी ठरलेले. बादली तर मला म्हणाली, "माझ्यात पाय अडकून तो पडला म्हणतात. बाबा रे, मी एवढीशी. माझ्यात पाय जातो तरी का?" सगळे निर्दोष आणि सगळे कोठडीत. एकमेकांची हकिकत ऐकून मला एक कळले. आमच्या गावाला वाटत होते की असे फक्त आपल्याकडे घडले आणि ते आपणच मिटवावे. सगळी गावे एके ठिकाणी ठेवली तरच दिसत होते, की पायऱ्या आणि बादल्या इतक्या वाईट कधीच नसतात.

केंद्राच्या बाईंनी निकाल दिला. मुलगा पडला नाही, पाडला गेला. पाय नंतर कापला. पण मित्रांनो, त्या खात्याला शोधता येत होते, शिक्षा करता येत नव्हती आणि गावची नोंदही बदलता येत नव्हती. ते काम नगरमंडळाचे. आणि मंडळाला शिक्षा करता येत होती, पण शोधायचे नव्हते. एकाकडे डोळे होते आणि दुसऱ्याकडे हात. धड मात्र एक नव्हते. निकाल गावाकडे गेला, गावाने राजधानीकडे परत पाठवला. राजधानीतले सरकार बदलले. नवे सरकार म्हणाले, गावचे पोलीस गावाने बघावेत, आम्ही लक्ष घालणार नाही. बाईंची बदली झाली. कोठार रिकामे करायला घेतले आणि मला मालगाडीत टाकून परत पाठवले. मला कोणी न्याय दिला नाही आणि ठेवूनही घेतले नाही. धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटचा, म्हणतात ती माझी गत झाली.

ठाण्यात बसायला काही उरले नव्हते, म्हणून मला पुन्हा पुढच्या खोलीत ठेवले. मी ठक करून वाजलो. ठाणेदार वैतागले. टेबलावर केंद्राच्या निकालाची प्रत पडली होती. "हिचा नाहीतरी काय उपयोग?" ते म्हणाले आणि तिची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी स्थिर झालो. पण ते स्थिर होणे मला असह्य होते. ज्यात माझे खरे लिहिले होते, तेच माझ्या पायाखाली घालून मला गप्प केले होते.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. बसल्या. बाक हलत नाही म्हणून वाकल्या. घडी काढली, उलगडली, सगळी वाचली, आणि पदराला पुसून टेबलावर ठेवली. मग पुन्हा माझ्यावर बसून त्या हळूहळू पुढे-मागे होऊ लागल्या. ठक. ठक. ठक.

"काकू, काय लावलंय हे?" ठाणेदार म्हणाले.

"काय करू साहेब? बाक सदोष आहे. तुम्हीच लिहिलंय."

त्यानंतर त्या दर आठवड्याला यायच्या. कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. माझ्या पायाखाली कोणीतरी पुन्हा घातलेला कागद काढायच्या आणि बसायच्या. ठक. ठक. लिहिणाऱ्याची ओळ चुकायची, फोनवर बोलणाऱ्याला दोनदा बोलावे लागायचे. मला बोलता येत नव्हते, पण काकूंनी मला वाजायला शिकवले. ठाणेदार बदलले, दुसरे आले. "हे काय वाजतंय?" प्रत्येक नवा माणूस विचारायचा, आणि कोणाला तरी उत्तर द्यावे लागायचे. पैलवान खोलीत आला की काकू थांबत नसत. उलट तोच उभ्या उभ्या पायांची चुळबुळ करायचा आणि बाहेर जायचा.

अशी वर्षे गेली. मामा म्हातारा झाला. एकदा तो पटाशी घेऊन आला, पायाला तुकडा जोडून देतो म्हणाला. "दादा, हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "तो नीट झाला की सगळे विसरतील."

मग गावात निवडणूक झाली आणि शाळेच्या मोठ्या बाई मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. त्या सुमारास राजधानीतही पुन्हा वारे फिरले होते. नवा नियम आला. केंद्राने शोधून काढलेले गावाने आपल्या लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि मान्य की अमान्य ते तिथेच सांगायचे, कारणांसह. शिक्षा गावानेच द्यायची, पण दार लावून नाही.

मला सभागृहात नेऊन मध्ये ठेवले. काकू माझ्यावर बसल्या, शेजारी खुळखुळ्या. मोठ्या बाईंनी निकाल वाचला. जुने अध्यक्ष उठले. "म्हणजे आता बाहेरच्यांचं ऐकायचं का आपण?"

"नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "आपलंच ऐकू. या सभेत आपल्यापैकी कोणी त्या दुपारी ठाण्यात होतं का?"

खुर्च्या करकरल्या. कोणी खोकले, कोणी खिडकीकडे पाहिले. जमादार दुसऱ्या रांगेत बसले होते. ते आता निवृत्त होते, दोन्ही लेकी नांदत होत्या. पैलवान भिंतीला टेकून उभा होता. काकूंनी फक्त अंग पुढे-मागे केले. ठक. ठक. ठक.

"पुरे काकू," जमादार उठून म्हणाले. "करवत माझ्या हातात होती. मुलगा पडला नाही. यानं पाडला."

मित्रांनो, जे परक्या बाईंना दिसले होते, ते गावातल्या तोंडातून निघायला इतका काळ लागला. पण निघाल्यावर कोणाला 'बाहेरचे' म्हणता येईना. त्याच सभेत मंडळाने पैलवानाचा गणवेश उतरवला. आणि पुढची गंमत ऐका. बाहेरच्यांना गावात पाय ठेवू देऊ नका म्हणणाऱ्यांतलाच तो गडी, नोकरी परत मिळावी म्हणून पहिल्या गाडीने राजधानीला गेला. तिथे त्याला सांगितले, "हे तुमच्या गावाचं काम. आम्ही फक्त शोधतो." तो आल्या पावली परत आला.

त्यानंतरच्या सोमवारी नव्या ठाणेदारीणबाईंनी जुना जबाब काढून माझ्यावर ठेवला आणि काकूंच्या हातात पेन दिले. "जबाब तुमचा आहे. दुरुस्ती तुम्हीच करा आणि शेजारी सही करा."

काकूंनी चष्मा पुसला. 'प'च्या पुढे जागा थोडी होती. त्यांनी वरून खाली एक रेघ ओढली, हळू, किल्लीला दात पाडताना कानस ओढावी तशी. मग मोठ्याने वाचले, "माझा मुलगा ठाण्यात बाकावरून पाडला." जुन्या अंगठ्याशेजारी त्यांनी सही केली. खुळखुळ्याचा उजवा कान आईकडे होता. त्याने मान हलवली आणि भिंत न धरता दारापर्यंत चालत गेला. वाकडा चालला, पण गेला.

मी अजून डुगडुगतो. आता कोणी माझ्या पायाखाली कागद घालत नाही, पण नवे लोक येतात तेव्हा त्यांचा हात खिशाकडे जातोच. म्हणून तुम्हाला एवढेच मागतो. बाक हलला तर लगेच कागदाची घडी शोधू नका. आधी उठा आणि खाली वाकून पायाचे बूड बघा. तुम्ही गावचे असा नाहीतर राजधानीचे, वाकायला कमरेशिवाय काही लागत नाही. माझ्यासारखी कितीतरी बाकडी, पायऱ्या आणि बादल्या अजून कोणाकोणाच्या कोठारात दोष घेऊन पडल्या आहेत. त्यांची आठवण आली की मला स्वस्थ बसवत नाही.

मामा मंडळाची ती सभा पाहून त्याच वर्षी गेला. किल्लीवाल्या काकू वारल्या ते ज्या वर्षी त्यांची नात पहिलीत गेली त्या वर्षी, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, दुकानात, कानस हातात असताना.